मोठ्या माणसाचा मेंदूज्वर : पहिले काही तास कसे वापरायचे

डिसेंबरातल्या एका मंगळवारी रात्री साडेआठला वहिनींचा फोन आला. "वन्सं, ह्यांचं डोकं फुटायला आलंय. अंगात ताप आहे, दोनदा ओकले." अण्णा माझा थोरला भाऊ. तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे आणि त्या दिवसांत विरळणीची घाई असते. दिवसभर उन्हात राबला असेल, त्यात फवारणीचा वास, असं मीच मनाशी धरून टाकलं. पॅरासिटामॉल द्या, पाणी पाजा, सकाळी बघू, असं सांगून फोन ठेवला. पुण्यात अतिदक्षता विभागात मी बावीस वर्षं नर्स आहे. मेंदूज्वराचे रुग्ण या हातांनी सांभाळलेत. तरी दोन प्रश्न विचारायचे राहून गेले. पहाटे साडेपाचला पुन्हा फोन वाजला तेव्हा अण्णा स्वतःच्या मुलाला ओळखत नव्हता.

वाटेत आमच्या भागातल्या एका दवाखान्यात ‘व्हायरल आहे’ म्हणून सलाईन लावलं, त्यात आणखी तास गेला. मिरजेला पोचून योग्य औषधाचं पहिलं इंजेक्शन मिळालं ते सकाळी ८ वाजून १० मिनिटांनी. पहिल्या फोनपासून मोजलं तर ११ तास ४० मिनिटं. अण्णा वाचला, पण डाव्या कानाने त्याला आता काहीही ऐकू येत नाही. तो वेळ कसा वापरायला हवा होता ते इथे लिहिते आहे. औषध कोणतं आणि किती, हे डॉक्टरच ठरवणार. घरच्यांनी काय ओळखायचं, काय बोलायचं आणि कशाला अडवायचं नाही, एवढं मी सांगू शकते.

खाटेपाशी किंवा फोनवर काय विचारायचं

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती पातळ आवरणं असतात आणि त्यांच्यामध्ये पाण्यासारखा द्रव खेळत असतो. तिथे जिवाणू शिरले की आवरणांना सूज येते. ‘ताप डोक्यात गेला’ असं आपल्याकडे म्हणतात, पण ताप वाढून तिकडे सरकत नाही. जिवाणू रक्तातून किंवा कान, सायनस यांच्यातून तिथे जाऊन बसतात आणि ताप त्यांच्यामुळे येतो. म्हणून गोळीने ताप उतरला तरी आजार तसाच असतो. जपानी मेंदूज्वर किंवा चंडीपुरा हे विषाणूंचे आजार आहेत, ते वेगळे. मी लिहिते आहे ते जिवाणूंच्या मेंदूज्वराबद्दल, कारण यात तासातासाने फरक पडतो.

चार गोष्टी बघायच्या : ताप, न सोसणारी डोकेदुखी, ताठ मान आणि वागण्या-बोलण्यातला बदल. नेदरलँड्समधल्या ६९६ आजारपणांचा एक मोठा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. ताप, ताठ मान आणि बदललेली शुद्ध ही पुस्तकातली तिन्ही लक्षणं एकत्र फक्त ४४ टक्के वेळा दिसली. पण डोकेदुखी धरून चारांपैकी निदान दोन तर ९५ टक्के वेळा होतीच. म्हणून चारही लक्षणं दिसायची वाट बघू नका. वहिनींनी फोनवर दोन सांगितलीच होती. उरलेल्या दोन मी विचारायला हव्या होत्या.

मान अशी बघायची : माणसाला उताणं झोपवा, उशी काढा आणि तोंड मिटून हनुवटी छातीला लावायला सांगा. दुखत दुखत का होईना, लागली तर ठीक. अर्ध्यावर अडली, किंवा तुम्ही हळूच डोकं उचललं तर खांद्यांसकट सगळं अंग लाकडासारखं वर आलं, तर ती ताठ मान. पण हनुवटी लागली म्हणून निर्धास्त राहू नका. पुष्कळांत सुरुवातीला मान मऊच असते.

डोकं ठिकाणावर आहे का हे बघायला ‘कसं वाटतंय?’ विचारून उपयोग नाही. त्याला ‘बरं आहे’ हे उत्तर झोपेतही देता येतं. आज वार कोणता, जेवणात काय होतं, बागेत किती ओळी झाल्या, असलं काहीतरी विचारा. वहिनी नंतर म्हणाल्या की रात्री दहालाच अण्णाने त्यांना दोनदा आईच्या नावाने हाक मारली होती. झोपेत असतील असं त्यांना वाटलं. तेव्हा पुन्हा फोन करून असा एखादा प्रश्न मी विचारला असता तर आम्ही रात्री अकराला मिरजेत असतो.

साठीच्या पुढच्या माणसांत ताप थोडा असतो, मानेच्या हाडांच्या झिजेमुळे मान आधीच आखडलेली असते, आणि घरच्यांना फक्त ‘आज जरा गप्प गप्प आहेत’ एवढंच दिसतं. मधुमेह असेल, दारूचं व्यसन असेल, पांथरी म्हणजे प्लीहा काढलेली असेल, कर्करोगाची किंवा स्टेरॉइडची औषधं चालू असतील, तर अशा गप्प बसण्यालाही घाबरावं.

आणि कान. अण्णाचा डावा कान पंधरा वर्षं अधूनमधून वाहायचा. तेल घालायचा, कापूस लावायचा, झालं. मोठ्या माणसांतल्या मेंदूज्वराचं सगळ्यांत मोठं कारण न्यूमोकॉकस नावाचा जिवाणू, आणि त्याची नेहमीची वाट म्हणजे कान, सायनस आणि फुप्फुसं. कधी डोक्याला मार लागलेला असतो आणि तेव्हापासून एका नाकपुडीतून, विशेषतः वाकल्यावर, स्वच्छ पाणी ठिबकतं. ती सर्दी नसून डोक्यातला द्रव असू शकतो आणि त्याच फटीतून जिवाणू आत जातात. हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा.

अंगावर लाल-जांभळे ठिपके असले तर काचेचा पेला त्यांच्यावर दाबून बघा. काचेखाली ठिपका फिका पडला नाही तर तो त्वचेखालचा रक्तस्राव आहे. तो मेनिंगोकॉकस या दुसऱ्या जिवाणूचा असू शकतो आणि त्यात काही तासांत माणूस हातचा जातो. सावळ्या कातडीवर हे ठिपके चटकन दिसत नाहीत. तळहात, तळपाय, खालच्या पापणीची आतली बाजू आणि टाळू बघा.

डोकेदुखी आणि ताप दोन-तीन आठवडे हळूहळू वाढत असेल, वजन घटलं असेल, तर क्षयाचा मेंदूज्वर मनात यायला हवा. तो आपल्याकडे पुष्कळ आहे आणि त्याचे उपचार निराळे, महिनोन्‌महिने चालणारे. तोही वाट बघण्यासारखा आजार नाही, पण त्याची गोष्ट वेगळी लिहावी लागेल.

घरातून निघताना

१०८ ला फोन करा, किंवा गाडी तयार असेल तर निघा. माणूस गुंगीत असेल तर तोंडातून पाणीही घालू नका, ते फुप्फुसात जातं. कुशीवर झोपवा, डोकं थोडं उंच ठेवा. झटका म्हणजे आकडी आली तर आजूबाजूचं सामान सरकवा, कुशीवर वळवा आणि घड्याळात वेळ बघा. कांदा हुंगवणं, चप्पल नाकाशी धरणं, दातांत चमचा घालणं यात दात पडतात, श्वास अडकतो आणि वेळ जातो. कोणी ‘बाहेरचं झालंय’ म्हणालं तर त्यांच्याशी वाद घालत बसू नका, गाडीत बसा. वहिनींच्या दारातही अशी पाच मिनिटं गेली.

चालू औषधांची पिशवी, जुने केसपेपर आणि एक कागद बरोबर घ्या. त्या कागदावर तीन वेळा लिहा : त्रास कधी सुरू झाला, शेवटचं नीट कधी बोलले, झटका आला असल्यास कधी. पेनिसिलिनची किंवा कुठल्या इंजेक्शनची ॲलर्जी असेल तर तीही लिहा.

सीटी स्कॅन आणि अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात थेट जाणं चांगलं. पण ते तासाभरापेक्षा लांब असेल तर जवळच्या ग्रामीण रुग्णालयात थांबून डॉक्टरांना विचारा, "मेंदूज्वराचा संशय आहे, पहिला डोस इथेच देऊन पुढे पाठवता येईल का?" सेफ्ट्रियाक्सोन हे अँटिबायोटिकचं इंजेक्शन साधं, स्वस्त आहे आणि बहुतेक ठिकाणी असतं. काय दिलं आणि किती वाजता, हे चिठ्ठीवर लिहून घ्यायला विसरू नका.

कॅज्युअल्टीत

माझा भाचा, अण्णाचा मुलगा, तेव्हा बावीस वर्षांचा होता. मी पुण्याहून निघाले होते आणि फोनवर त्याच्याकडून एकच वाक्य घोकून घेतलं : "काल संध्याकाळपासून ताप आणि डोकेदुखी, पहाटेपासून माणसं ओळखत नाहीत, मान ताठ आहे, कान जुना वाहतो, मेंदूज्वर असेल का?" हे तो दारातच म्हणाला. ‘पप्पांना ताप आहे’ म्हणाला असता तर केसपेपरच्या रांगेत उभा राहिला असता.

पुढे काय व्हायला हवं ते ठाऊक असलं की घाबरायला होत नाही. व्हेनफ्लो म्हणजे शिरेतली बारीक नळी लावतात, संवर्धनासाठी म्हणजे कल्चरसाठी रक्त घेतात, आणि लगेच स्टेरॉइड व प्रतिजैविकं सुरू करतात. युरोपातल्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रुग्णालयात आल्यापासून तासाभरात पहिला डोस गेला पाहिजे. सीटीला रांग असेल, पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूभोवतीचा तोच द्रव, तपासायला काढणारे डॉक्टर यायचे असतील, तरी डोस थांबत नाही. तपासण्या मागून होतात. नम्रपणे एवढंच विचारा : "पहिलं अँटिबायोटिक गेलं का?"

मोठ्या माणसाला सामान्यतः सेफ्ट्रियाक्सोन २ ग्रॅम दर १२ तासांनी देतात. काही न्यूमोकॉकस त्याला दाद देत नाहीत, म्हणून जोडीला वजनानुसार व्हँकोमायसिन. पन्नाशीच्या पुढे, गरोदरपणात, दारूच्या व्यसनात किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर अँपिसिलिन २ ग्रॅम दर ४ तासांनी, कारण लिस्टेरिया नावाच्या जिवाणूवर सेफ्ट्रियाक्सोन अजिबात चालत नाही. विषाणूची शंका असेपर्यंत असायक्लोव्हिरही जोडलेलं दिसेल. इतक्या बाटल्या बघून ‘एवढी औषधं कशाला?’ असं नातेवाईक विचारतात. जिवाणू कोणता ते कळलं की त्यातली बरीच बंद होतात.

स्टेरॉइडचं नाव ऐकून नको म्हणणारी कुटुंबं मी पुष्कळ पाहिली. इथे ते का देतात ते समजून घ्या. औषधाने जिवाणू फुटतात आणि त्यांच्या तुकड्यांमुळे सूज आणखी भडकते. ती भडकू नये म्हणून डेक्सामेथासोन १० मिलिग्रॅम, पहिल्या प्रतिजैविकाच्या जरा आधी किंवा बरोबरच, मग दर ६ तासांनी, ४ दिवस. २००२ साली ३०१ प्रौढ रुग्णांवर झालेल्या चाचणीत स्टेरॉइड न मिळालेल्यांपैकी १५ टक्के दगावले, मिळालेल्यांपैकी ७ टक्के. चार दिवसांच्या स्टेरॉइडने हाडं ठिसूळ होत नाहीत. साखर मात्र वाढते, ती आम्ही मोजत राहतो.

पाठीतलं पाणी

मी साताऱ्याच्या पुढे होते तेव्हा भाच्याचा फोन आला. "आत्या, पाठीतलं पाणी काढायला सही मागतायत. काका म्हणतात माणूस लुळा होतो. करू का सही?" माझ्या विभागात ज्या नातेवाइकांना मी दहा-दहा मिनिटं समजावते, त्यांच्या जागी आज माझंच घर होतं.

मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या मणक्यांमध्ये घालतात. तिथे सुट्या नसा द्रवात तरंगत असतात आणि सुईपासून बाजूला सरकतात. माणूस लुळा होतो अशी जी उदाहरणं लोक सांगतात, त्यातली बहुतेक आजारानेच लुळी झालेली असतात आणि दोष सुईवर येतो. रुग्णाला कुशीवर, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी असं गोळा करून धरायचं. हे धरण्याचं काम आमचं, नर्सचं. तो जितका स्थिर तितकं काम लवकर होतं. काहींचं नंतर एक-दोन दिवस डोकं दुखतं.

आधी सीटी करतात ते अशा वेळी : शुद्ध फार कमी असेल, नुकताच झटका आला असेल, एका बाजूची ताकद गेली असेल, डोळ्याच्या मागच्या पडद्यावर सूज दिसत असेल किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असेल. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते या वेळी आवर्जून सांगा.

निरोगी पाणी विहिरीच्या पाण्यासारखं नितळ असतं. अण्णाचं तांदळाच्या धुवणासारखं निघालं. त्यात पेशी २,८०० होत्या, निरोगी माणसात पाचाच्या आत असतात. प्रथिनं ३८०, असतात ४५ पर्यंत. साखर ९. आणि इथे एक गोष्ट सांगते जी गडबडीत राहून जाते : त्याच वेळी बोटातून रक्तातली साखर मोजलेली हवी, कारण पाण्यातली साखर रक्तातल्या साखरेशी ताडून बघतात. साधारण दोन-तृतीयांश असावी लागते. अण्णाची रक्तातली साखर २१० होती. त्याला मधुमेह आहे हे आम्हाला त्याच दिवशी कळलं. सूक्ष्मदर्शकाखाली जांभळ्या रंगाचे जोडी-जोडीने बसलेले जिवाणू दिसले. न्यूमोकॉकस.

अतिदक्षता विभागातले दिवस

पहिले तीन दिवस घरच्यांनी करण्यासारखं थोडंच असतं, आणि तेच सगळ्यांत जड जातं. डोकं ३० अंश उंच, दर तासाला शुद्ध तपासणं, झटक्याचं औषध, रक्तातलं सोडियम, लघवीचं मोजमाप, हे आत चालू असतं. दिवसातून एकाच माणसाने डॉक्टरांशी बोलावं आणि बाकीच्यांना सांगावं. दोन दिवस योग्य औषध जाऊनही सुधारणा नसेल तर पाणी पुन्हा तपासायचं का, हे विचारा. कानातून किंवा सायनसमधून आलेला जंतू असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना बोलावणं झालं का, हेही विचारा. अण्णाच्या कानामागच्या हाडात पू साठला होता. तो काढल्यावरच ताप बसला.

शुद्ध आली की रुग्णाच्या कानाशी जाऊन रडू नका, त्याला वार सांगा, कुठे आहे ते सांगा. अण्णा पाचव्या दिवशी मामांना, म्हणजे वॉर्डबॉयला, "बागेत पाणी सोडलं का?" म्हणून विचारत होता. आम्हाला तेवढं पुरे होतं.

आणि त्याच दिवशी घरी जायची घाई सुरू झाली. ताप नाही, बोलतो, खातो, मग खर्च कशाला? हा हट्ट मी दरवेळी ऐकते आणि दरवेळी हात जोडते. न्यूमोकॉकसला १० ते १४ दिवस शिरेतून औषध लागतं, मेनिंगोकॉकसला साधारण ७, लिस्टेरियाला २१ किंवा जास्त. सूज ओसरली की मेंदूच्या द्रवात औषध कमी उतरतं, म्हणून डोस तसाच मोठा ठेवतात आणि गोळ्यांवर भागत नाही. खर्चाची अडचण असेल तर पहिल्याच दिवशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा, महात्मा फुले योजनेत काय बसतं ते विचारा. शेवटच्या दिवशी विचारून उपयोग होत नाही. रोज व्हेनफ्लोची जागा बघा. लाल, गरम, दुखरी झाली असेल तर सिस्टरला सांगा.

शेजारपाजार आणि घरातली माणसं

गावात बातमी पसरली तशी वहिनींकडे दूध घ्यायला येणारी बाईही येईनाशी झाली. न्यूमोकॉकसच्या रुग्णापासून सोबतच्यांना धोका नसतो, कोणालाही गोळी घ्यायला लागत नाही. मेनिंगोकॉकस असेल तर मात्र एकाच घरात राहणाऱ्यांना आणि अगदी जवळ आलेल्यांना लवकरात लवकर प्रतिबंधक औषध लागतं : बहुधा सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी, किंवा रिफाम्पिसिन दोन दिवस, किंवा गरोदर बाईला सेफ्ट्रियाक्सोनचं एक इंजेक्शन. कोणाला काय, हे डॉक्टर सांगतील. योग्य औषध सुरू होऊन २४ तास झाले की रुग्णापासूनचा संसर्ग थांबतो.

लशींबद्दल लोक विचारतात. हजला जाणाऱ्यांना मेनिंगोकॉकसची चार प्रकारांवरची लस घ्यावीच लागते, आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी. आफ्रिकेतल्या मेंदूज्वराच्या पट्ट्यासाठीची ‘मेनआफ्रिव्हॅक’ लस आमच्या पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवली. २०१० च्या डिसेंबरात बुर्किना फासोमध्ये ती मोठ्या प्रमाणावर द्यायला सुरुवात झाली, डोसची किंमत अर्ध्या डॉलरच्याही आत. माझ्या विभागातल्या खिडकीबाहेरच्या शहरात हे घडलं याचा मला अभिमान आहे. पण ती अण्णाच्या जिवाणूवरची नव्हे. न्यूमोकॉकसची लस वेगळी. मधुमेह, पांथरी काढलेली, कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकण्यासाठी कानात बसवायचं यंत्र) बसवलेला, डोक्यातला द्रव गळणारा आणि पासष्टीच्या पुढचा माणूस, यांनी डॉक्टरांना ती मागावी. तिची आठवण आपल्याकडे मोठ्या माणसांना कोणी करून देत नाही.

घरी आल्यावर

ऐकण्याची तपासणी घरी सोडण्याआधी, फार तर चार आठवड्यांच्या आत झालीच पाहिजे. कानातला शंखासारखा भाग सुजेनंतर आतून हाडासारखा घट्ट होत जातो. दोन्ही कान गेले असतील आणि इम्प्लांट बसवायचं असेल तर तो घट्ट होण्याच्या आत बसवावं लागतं. ‘अशक्तपणा आहे, येईल ऐकू’ म्हणत सहा महिने काढलेल्या एका बाईंचा चेहरा मला अजून आठवतो. त्यांच्या वेळी इम्प्लांटची तार आत सरकायलाही जागा उरली नव्हती.

बाकी हळूहळू येतं. अण्णाला चार महिने दुपारी झोपल्याशिवाय राहवत नव्हतं. औषधाच्या दुकानातली उधारी विसरायचा, लहानसहान गोष्टींवरून चिडायचा, अंधारात चालताना एका बाजूला झुकायचा. हा आळस नाही, हट्टही नाही, मेंदू सुजून गेलेला आहे. झटके आले असतील तर गोळी स्वतःहून बंद करायची नाही, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत ट्रॅक्टर, मोटारसायकल, विहिरीवरचं काम बंद. आम्ही किल्ली भाच्याकडे दिली. अण्णा आठवडाभर त्याच्याशी बोलला नाही.

पुन्हा ताप आणि डोकेदुखी आली तर पहिल्या तासात रुग्णालय, आणि नाकातून पाणी येतंय का याकडे लक्ष. मेंदूज्वर दुसऱ्यांदा झाला तर कुठेतरी फट आहे असं धरून शोधावं लागतं.

अण्णाला न्यूमोकॉकसची पहिली लस देऊन झाली, दुसरीची तारीख कार्डावर आहे. कार्ड, पाण्याचा अहवाल, डिस्चार्जचा कागद आणि कानाचा आलेख, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून वहिनींच्या कपाटात ठेवलंय. पिशवीवर मी मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलंय : "न्यूमोकॉकसचा मेंदूज्वर झालेला. मधुमेह. डावा कान बंद, उजवीकडून बोला."